राज्याची सीमा ओलांडलीच नाही, तरी मानवी तस्करीचा खटला फेडरल कोर्टात कसा?

तुमचा प्रश्न असा: अमेरिकेत आरोपी, पीडित मुलगी, हॉटेल, सगळं एकाच राज्यात, मग केंद्राचा कायदा कसा लागतो?

सीमा ओलांडावीच लागते, हा गैरसमज 1910 च्या मॅन कायद्यामुळे पसरला असावा. त्यात मुळात वेश्याव्यवसायासारख्या हेतूने स्त्रीला राज्याबाहेर नेणं हाच गुन्हा होता. 2000 च्या तस्करीविरोधी कायद्यातून आलेलं लैंगिक तस्करीचं कलम 1591 वेगळं आहे. त्यात कृत्य आंतरराज्य व्यापारात घडलेलं किंवा त्यावर परिणाम करणारं असलं तरी पुरतं. तिथल्या संसदेला गुन्हेगारीवर सरसकट कायदे करता येत नाहीत. राज्यघटनेतल्या व्यापारविषयक अधिकाराचा आधार लागतो, म्हणून ही अट.

ती सिद्ध कशाने होते? अगदी साध्या वस्तूंनी. फ्लोरिडातल्या एका खटल्यात 2007 मध्ये अपील कोर्टाने पाहिलं की हॉटेलात परराज्यातले प्रवासी उतरतात आणि मुलीला दिलेले कंडोम राज्याबाहेरून आलेले होते. कृत्य स्थानिक असूनही शिक्षा कायम राहिली. आपल्या वागण्याचा व्यापाराशी संबंध येतो हे आरोपीला ठाऊक असण्याचीही गरज नाही, असंही त्या कोर्टाने म्हटलं.

मला हे योग्यच वाटतं. मुलीला चार गल्ल्यांपलीकडे विकलं म्हणून तिचं दुःख काही स्थानिक होत नाही.

वेठबिगारीच्या कलम 1589 ला मात्र ही अट नाही. त्याला गुलामगिरी संपवणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीचा आधार आहे.