फक्त गाणी ऐकण्यासाठी घरी वेगळा कॉम्प्युटर जोडायचा असेल तर त्यात काय काय घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे तीनशेच्या आसपास सीडी आहेत, चांगला अँप्लिफायर आणि स्पीकरची जोडी आहे, आणि आता केवळ संगीतासाठी एक कॉम्प्युटर बनवायचा आहे. प्रोसेसर कोणता घ्यावा, रॅम किती, साऊंड कार्ड आत बसवावं का, आणि 'ऑडिओफाइल' म्हणून मिळणाऱ्या खास केबलींवर खर्च करावा का, हे तुमचे प्रश्न.

मी गेल्या काही वर्षांत असे तीन कॉम्प्युटर जोडले. पहिल्या वेळी सगळं लक्ष प्रोसेसर आणि साऊंड कार्डावर होतं, आणि तिघांत तोच सर्वांत वाईट वाजायचा. त्यातून एक गोष्ट पक्की कळली: कॉम्प्युटरने आवाज 'चांगला' करायचा नसतोच. फाइलमधले आकडे जसेच्या तसे पुढे पोचवायचे आणि स्वतः गप्प बसायचं, एवढं केलं की त्याचं काम झालं. आवाज घडतो तो पुढे, डॅकमध्ये (म्हणजे आकड्यांचा अ‍ॅनालॉग सिग्नल बनवणाऱ्या यंत्रात), स्पीकरमध्ये आणि सगळ्यात जास्त तुमच्या खोलीत.

आधी प्रोसेसरचं उरकून टाकू. सीडीचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, आणि डावा-उजवा असे दोन चॅनल. गुणाकार केला तर सेकंदाला साधारण १४ लाख बिट होतात. २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झची हाय-रेझ फाइल घेतली तरी ९२ लाखांच्या आसपास. जुन्या यूएसबी २.० ची क्षमता सेकंदाला ४८ कोटी बिट आहे. म्हणजे दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉपही हे काम झोपेत करेल. ४ जीबी रॅम पुरते. इंटेलचा एन१००सारखा ६ वॉटचा प्रोसेसर किंवा रास्पबेरी पाय हा तळहातावर मावणारा छोटा कॉम्प्युटर, दोन्ही गरजेपेक्षा जास्तच आहेत. जोरदार प्रोसेसर लागतो तो एकाच बाबतीत: वाजवता वाजवता सगळं डीएसडी या वेगळ्या ऑडिओ स्वरूपात किंवा खूप वरच्या सॅम्पल रेटमध्ये (म्हणजे सेकंदाला जास्त नमुन्यांत) बदलणारं सॉफ्टवेअर वापरायचं असेल तर. सुरुवातीला त्या वाटेला जाऊ नका.

गप्प बसण्याचं मात्र नीट सांगतो, कारण तिथे मी सगळ्यात जास्त शिकलो. पहिला कॉम्प्युटर तयार झाला त्या रात्री मी एक ख्यालाचं रेकॉर्डिंग लावलं. सुरुवातीला नुसता तानपुरा. चार तारा एकामागून एक छेडल्या जातात, जवारीतून स्वरांचा तो झंकार उठतो, गायकाने अजून तोंडही उघडलेलं नसतं. आणि त्या झंकाराच्या खाली मला एक बारीक 'सूंऽऽ' ऐकू येत होतं. आधी वाटलं रेकॉर्डिंगचाच दोष. गाणं थांबवलं तरी तो आवाज होताच. प्रोसेसरवरचा पंखा होता तो. दिवसा कधी जाणवला नव्हता. एकदा कानाला सापडल्यावर मात्र पुढे प्रत्येक शांत जागी तोच ऐकू यायला लागला.

सीडीच्या १६ बिटमध्ये सर्वांत मोठा आणि सर्वांत बारीक आवाज यांत सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मावतं. त्यातला खालचा बारीक भाग पंखा सरळ झाकून टाकतो. म्हणून माझं ठाम मत आहे की यात एकही पंखा नको. ज्याचं धातूचं खोकंच उष्णता बाहेर टाकतं असा फॅनलेस मिनी पीसी घ्या आणि फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी. बंद कपाटात मात्र तो कोंडू नका, त्याला हवा लागते. पंखा नसूनही काही मशीनमधून, विशेषतः स्वस्त अडॅप्टरमधून, बारीक चिरचिर येते. घेतल्यावर पहिल्याच रात्री, घर निजल्यावर, कान जवळ नेऊन ऐका, आणि आवाज आला तर परत करण्याची मुदत आहे तोवर बदलून घ्या.

साऊंड कार्ड आत बसवू नका. कॉम्प्युटरच्या पोटात वीजपुरवठ्याची आणि घड्याळांची सारखी खळबळ चालू असते. तिथे अ‍ॅनालॉग सिग्नल तयार करणं म्हणजे बाजारात बसून स्वर लावण्यासारखं आहे. बाहेरचा यूएसबी डॅक घ्या. त्यात 'असिंक्रोनस यूएसबी' आहे ना, एवढं पाहा. त्या पद्धतीत वेळेचा ताल डॅकच्या स्वतःच्या घड्याळावर चालतो आणि कॉम्प्युटर त्याने मागितला तेवढाच डेटा देतो. कॉम्प्युटरच्या वेळेतल्या हेलकाव्यांना, म्हणजे ज्याला जिटर म्हणतात त्याला, मग आवाजात शिरायला वाव राहत नाही. हल्लीचे बहुतेक डॅक तसेच असतात. रास्पबेरी पाय घेणार असाल तर पाय ४ वरच्या ३.५ मिलिमीटरच्या जॅकवर विसंबू नका, तो गाण्यासाठी फार सुमार आहे. पाय ५ वर तर तो जॅकच नाही.

आता केबली. हार्ड डिस्कच्या केबलीने आवाज उजळतो असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. फाइल आधी मेमरीत येते आणि वाटेत तिची तपासणीही होते. यूएसबीने आवाज पाठवताना चुकलेला तुकडा पुन्हा पाठवण्याची सोय नसते हे खरं. पण म्हणूनच वाईट केबल लगेच पकडली जाते: टक् टक् असे आवाज येतात किंवा गाणं तुटतं. बास थोडा सैल होणं, गळा थोडा मागे जाणं असलं काही केबल करत नाही. साधी, आखूड, घट्ट बसणारी केबल घ्या.

यूएसबीतून एक गोष्ट मात्र खरंच शिरते, ती म्हणजे अर्थिंगच्या वाटेने येणारी गुणगुण. माझ्या दुसऱ्या कॉम्प्युटरला हा त्रास होता. गाणं बंद असताना स्पीकरमधून हलकी घरघर यायची आणि माऊस हलवला की तिचा सूर बदलायचा! तीन संध्याकाळी मी एकेक वायर काढून पाहिली. शेवटी कॉम्प्युटरच्या जागी बॅटरीवर चालणारा लॅपटॉप लावला आणि घरघर एकदम गेली. त्याला चार्जर जोडला की परत हजर. म्हणजे कॉम्प्युटर आणि अँप्लिफायर दोन वेगळ्या जागांहून अर्थ झाले होते आणि केबलीतून त्यांचं वर्तुळ पूर्ण होत होतं. दोघांना एकाच पॉवर स्ट्रिपवर आणल्यावर ती बरीचशी कमी झाली, आणि कॉम्प्युटर ते डॅक हे अंतर ऑप्टिकल केबलने जोडल्यावर पूर्ण थांबली. त्या केबलीतून नुसता प्रकाश जातो, वीज जायला तिथे रस्ताच नाही. एक कळकळीची विनंती: गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला तुम्हाला कुठे ना कुठे मिळेल. तो कधीही मानू नका. ती पिन जीव वाचवण्यासाठी असते.

सॉफ्टवेअरमध्ये एकच गोष्ट जपायची: मधल्या कोणी आकड्यांना हात लावता कामा नये. विंडोजमध्ये सगळ्या प्रोग्रॅमचे आवाज एका मिक्सरमध्ये एकत्र होतात आणि तिथे जो सॅम्पल रेट ठरवलेला असेल त्यात सगळं बदललं जातं. फूबार२००० सारख्या प्लेयरमध्ये 'वासापी एक्स्क्लुझिव्ह' निवडलं की तो मिक्सर टळतो. लिनक्सवरही तेच, तिथल्या पाइपवायर या मिक्सरचा नेहमीचा रेट ४८ किलोहर्ट्झ असतो, सीडी ४४.१ ची. मी एमपीडी हा प्लेयर वापरतो, त्याला सरळ अल्साच्या (लिनक्समधल्या साऊंड ड्रायव्हरच्या) हार्डवेअर डिव्हाइसला जोडून दिलंय आणि फोनवरून गाणं निवडतो. कॉम्प्युटरला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. सेटिंगमध्ये हात घालायचा नसेल तर व्होल्युमिओ किंवा मूड ऑडिओ ही गाण्यांसाठीच बनवलेली तयार सिस्टिम मेमरी कार्डावर टाकून रास्पबेरी पाय सुरू करा, काम भागतं.

आकडे खरंच तसेच पोचतायत की नाही, हे पाहताही येतं. लिनक्सवर 'प्रॉक'मध्ये 'असाउंड' नावाचं फोल्डर असतं, त्यात तुमच्या कार्डाचं (म्हणजे इथे डॅकचं) फोल्डर, आणि आणखी आत 'एचडब्ल्यू पॅरम्स' (hw_params) नावाची छोटी फाइल. गाणं चालू असताना ती उघडा. सीडीवरून घेतलेलं गाणं वाजत असेल आणि रेटसमोर ४४१०० दिसलं, तर वाटेत रेट बदललेला नाही. ४८००० दिसलं तर मधे कोणीतरी बसलंय. डॅकवर स्क्रीन असेल तर तिथेही हाच आकडा दिसतो. अर्थात आजकाल हा बदल करणारं गणित इतकं चांगलं झालंय की त्याने होणारं नुकसान कानाला क्वचितच कळेल. तरी फुकटात टळतंय तर का टाळू नये?

आवाज कॉम्प्युटरवरूनच कमी-जास्त करावा का, असंही बरेच जण विचारतात. १६ बिटचं गाणं २४ बिटच्या डॅकला पाठवताना खाली आठ बिट मोकळे असतात, आणि एक बिट म्हणजे ६ डेसिबल. म्हणजे ४८ डेसिबल कमी करेपर्यंत मूळ आकड्यांतलं काही कापलं जात नाही. बिनधास्त करा.

तुमचा खरा वेळ जाणार आहे तो सीडी उतरवून घेण्यात, आणि ते घाईत करण्यासारखं नाही. ऑडिओ सीडीत सेकंदाला ७५ सेक्टर असतात, प्रत्येकात २,३५२ बाइट, आणि सगळे आवाजाचेच. डेटा सीडीत दर सेक्टरमधले २,०४८ बाइट माहितीला देऊन बाकीच्यांतून चुका दुरुस्त करण्याची जास्तीची सोय केलेली असते. गाण्याच्या सीडीत ती नाही. ओरखडा आला तर ड्राइव्ह मधला आवाज अंदाजाने भरून पुढे जातो आणि तुम्हाला कळतही नाही. म्हणून विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे सॉफ्टवेअर वापरा आणि त्यात अ‍ॅक्युरेटरिप ही तपासणी चालू ठेवा. तुमच्या प्रतीची बेरीज (तिच्या सगळ्या आकड्यांवरून काढलेली खूण, म्हणजे चेकसम) तीच सीडी उतरवलेल्या इतरांच्या बेरजेशी ताडून पाहिली जाते. दोन्ही जुळल्या की निश्चिंत व्हायचं.

फाइल फ्लॅक या स्वरूपात ठेवा. आकार जवळजवळ निम्म्यावर येतो आणि एकही बिट हरवत नाही. तासाभराची सीडी ६३५ एमबीच्या आसपास, फ्लॅकमध्ये ती साधारण साडेतीनशेची होते. तुमच्या तीनशे सीडी १०५ जीबीच्या आसपास बसतील, म्हणजे ५०० जीबीची एसएसडीही मोकळीढाकळी. फ्लॅकच्या फाइलीत मूळ आवाजाची एमडी५ खूण लिहिलेली असते, त्यामुळे दहा वर्षांनीही फाइल खराब झालीय का हे तपासता येतं.

टॅग भरताना आपल्या संगीतासाठी एक फायदा आहे. फ्लॅकमध्ये टॅगची नावं आपली आपण ठरवता येतात (ती मात्र इंग्रजी अक्षरांत), आणि त्यांतला मजकूर युनिकोडमध्ये असल्याने देवनागरीत चालतो. मी 'कलाकार' आणि 'अल्बम' एवढ्यावर न थांबता राग, ताल, तबल्याची आणि हार्मोनियमची साथ यांचे वेगळे टॅग भरले. फार वेळ गेला. पण आता मला एकाच रागाची घरातली सगळी रेकॉर्डिंगं एका यादीत मिळतात, आणि एकच बंदिश तीन गळ्यांतून पाठोपाठ ऐकता येते. सगळ्या खटाटोपात मला सर्वाधिक आनंद याने दिला. काही प्लेयर असे जास्तीचे टॅग दाखवत नाहीत, तेवढं आधी पाहून घ्या.

आता खोली. पैसे उरले तर ते इथे घाला. खोलीची लांबी ४ मीटर असेल तर ४३ हर्ट्झच्या आसपासचा सूर दोन भिंतींमध्ये अडकून फुगतो. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरून त्याला लांबीच्या दुपटीने भागलं की हा आकडा येतो. माझ्या खोलीत डग्ग्यावरची मींड एका ठिकाणी एकदम फुगायची आणि बाकी वेळी बेताची असायची. महिनाभर मी डॅकला दोष देत होतो. मग मोजमापाचा मायक्रोफोन आणला, रूम ईक्यू विझर्ड या मोफत सॉफ्टवेअरने आलेख काढला, तर डोंगरासारखा एक उंचवटा समोर आला. आधी स्पीकर मागच्या भिंतीपासून हातभर पुढे घेतले आणि बसायची खुर्ची खोलीच्या बरोबर मध्यावरून हलवली. उरलेला उंचवटा कॅमिलाडीएसपी या आवाज सुधारणाऱ्या सॉफ्टवेअरने कापला. इथे आकड्यांना हात लावलाय, पण जाणूनबुजून आणि मोजून. उंचवटे कापा, खड्डे भरायला जाऊ नका. खोली तिथला सूर गिळत असते, तुम्ही जोर लावाल तेवढा अँप्लिफायर दमतो. दुरुस्ती ३०० हर्ट्झच्या खालीच ठेवा.

यातल्या कुठल्याही बदलाने फरक पडला असं वाटलं तर एकदा डोळ्यांआड करून तपासा. घरातल्या कोणाला तरी न सांगता अदलाबदल करायला लावा, आणि दोन्हींचा आवाज नेमका सारखा ठेवा, कारण किंचित मोठं वाजणारं नेहमीच जास्त चांगलं वाटतं. वीसपैकी दहा-अकरा वेळाच ओळखता आलं तर ती वस्तू परत द्या.

तेव्हा आज डॅकखेरीज काही विकत घेऊ नका. घरातला जुना लॅपटॉप बॅटरीवर चालवा, त्याला डॅक जोडा, पाच सीडी नीट उतरवा आणि दोन आठवडे ऐका. गप्प कॉम्प्युटर त्यानंतर घ्या. आणि सीडी उतरवायला लागलात की पहिल्या दिवसापासून दुसऱ्या डिस्कवर प्रत ठेवा. दोनशेव्या सीडीला डिस्क गेली तर त्या दोनशे पुन्हा उतरवाव्या लागतील. खोलीची मापं आणि स्पीकर कुठे ठेवलेत ते खाली लिहिलंत तर कुठून सुरुवात करायची ते सांगू शकेन.