मुखत्यारपत्र आहे, तरी बँक ठेव मोडू देत नाही

प्रश्न : मेंदूतल्या रक्तस्रावानंतर वडील तीन महिने कोमात आहेत. आजारपणाआधी त्यांनी मला नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र दिलं होतं, पण बँक ते मानत नाही. दवाखान्याचं बिल वाढतंय. जिल्हा न्यायालयात अर्ज करू का? घरी आई, मी आणि विवाहित बहीण. – एक वाचक, सातारा

उत्तर : बँक बरोबर सांगतेय. मुखत्यारपत्र देणाऱ्याची समजशक्ती गेली की करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्याराचा अधिकार संपतो, मग नोंदणी झालेली असो वा नसो. कोमातल्या माणसाचा अंगठा मात्र कुणाच्याही सांगण्यावरून कागदावर उठवू नका. तो व्यवहार पुढे तुमच्याच अंगाशी येईल.

आधी ठेवीच्या पावत्या काढून बघा. ठेव आईच्याही नावावर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ (दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहील तो) अशी असेल, तर मुदत पूर्ण झालेली ठेव तिच्या एकटीच्या सहीवर मिळते. मुदतीआधी मोडायची तर सहसा दोघांच्या सह्या लागतात. तुमचं बहुधा इथेच अडलं असावं.

१८९० चा पालक व पाल्य कायदा अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या मुलांपुरता आहे आणि २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा उपचारांपुरता. कोमातल्या प्रौढाच्या मालमत्तेसाठी पालक नेमण्याचा वेगळा कायदाच नाही, ही मोठी उणीव आहे. त्यामुळे जिल्हा न्यायालयात नव्हे, तर घटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये कोमातल्या पतीसाठी पत्नीला पालक नेमलं, ते याच वाटेने. साताऱ्याची प्रकरणं ऑगस्ट २०२५ पासून याच न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे (फिरत्या खंडपीठाकडे) जातात.

याचिका आईने करावी. तुम्ही आणि बहिणीने संमतीची प्रतिज्ञापत्रं जोडावीत. एका वारसाला वगळलंत की नोटीस काढण्यात तारखा जातात आणि संशयही येतो. नुसतं ‘रुग्ण अंथरुणाला खिळलेला आहे’ असं लिहिलेला डॉक्टरांचा दाखला उपयोगाचा नाही. निदान काय, कधीपासून आणि स्वतःचे निर्णय घेता येत नाहीत, हे त्यात स्पष्ट हवं. न्यायालय बहुधा वैद्यकीय मंडळाकडून तपासणी करून घेतं. महसूल अधिकाऱ्याकडून घरच्या परिस्थितीचा अहवालही मागवला जाऊ शकतो.

सगळ्यात जास्त मेहनत मालमत्तेच्या यादीवर घ्या. बँक, शाखा, खाते क्रमांक, प्रत्येक ठेवपावतीचा क्रमांक, डीमॅट, पेन्शन, विमा, सातबारा, घराचा उतारा, कर्ज असेल तर तेही. बँक आदेशाचा शब्दन् शब्द बघते. ‘सर्व मालमत्ता’ एवढंच लिहिलेलं असेल तर शाखेत पुन्हा वाद होतो. घर किंवा जमीन विकण्याची वेळ येणार असेल, तर ती परवानगी विनंतीत वेगळी मागा. दवाखान्याची बिलं आणि महिन्याच्या खर्चाचा अंदाजही जोडा, म्हणजे तातडीच्या रकमेसाठी अंतरिम (अंतिम निकालाआधीचा) आदेश मागता येतो.

आदेशानंतर पैसा वडिलांच्याच खर्चासाठी वापरायचा आणि न्यायालय सांगेल तसा हिशोब द्यायचा. पहिल्या दिवसापासून पावत्या जपा.

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा, बौद्धिक अक्षम. आम्हालाही उच्च न्यायालयात जावं लागेल का? – एक आई, नाशिक

उत्तर : नाही. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता यांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या स्थानिक स्तर समितीकडे पालक म्हणून नेमणुकीसाठी नमुना ‘अ’ मध्ये अर्ज करा. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशोब. मुलाच्या नावाचं बचत खातं तुमच्या खात्यापासून वेगळं ठेवलंत, तर हा हिशोब सोपा जाईल.