वाचक विचारतात : हिशोब मागितला म्हणजे विश्वास कमी झाला का?

प्रश्न : ताई, आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पंधरा वर्षं एकच पाळक (पास्टर) आहेत, मंडळी त्यांनीच उभी केली, प्रवचन ऐकलं की डोळ्यात पाणी येतं हे पण खरं. पण दोन वर्षं बिल्डिंग फंड गोळा होतोय आणि किती जमला, कुठल्या खात्यात आहे कोणालाच माहीत नाही, खजिनदार त्यांचाच मेव्हणा. मी मंडळीच्या वडिलांच्या, म्हणजे कारभार बघणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या, मीटिंगमध्ये सहज विचारलं तर पुढच्या रविवारी पुलपिटवरून संदेश, "अभिषिक्ताला हात लावू नका", म्हणजे देवाने नेमलेल्याला! आता लोक मला बघून कुजबुजतात, बायको म्हणते दुसऱ्या चर्चला जाऊ. माझाच विश्वास कमी पडतोय का?

उत्तर : नाही हो दादा. आधी ते वचनच उघडून बघू, त्याने आजवर बऱ्याच जणांची तोंडं बंद केलीत. स्तोत्र १०५, वचन १५. मागची दोनचार वचनं वाचली की कळतं हे अब्राहाम, इसहाक, याकोबाबद्दल आहे, मूठभर माणसं, परक्या मुलखात फिरणारी, आणि देव राजांना दटावतोय की ह्यांना त्रास देऊ नका. म्हणजे दम भरलाय तो सत्ता असणाऱ्याला, आणि आपल्याकडे तोच दम खुर्चीवरचा माणूस बाकावरच्याला भरतो!

मग दाविदाचं उदाहरण येईल, की जिवावर उठलेल्या शौल राजालाही त्याने अभिषिक्त म्हणून मारलं नाही. बरोबर, १ शमुवेल २४. पण शौल गुहेतून बाहेर पडल्यावर दावीद मागोमाग आला, हाक मारली, झग्याचा कापलेला काठ दाखवला आणि मी तुमचा काही अपराध केलेला नाही तरी तुम्ही माझ्या जिवावर उठलात असं म्हणाला, हा भाग संदेशात का कोण जाणे राहूनच जातो. आणि दावीद स्वतः राजा झाल्यावर नाथान संदेष्ट्याने त्याला तोंडावर सुनावलंच की.

पैशाचं तर प्रेषित पौलाने सरळच लिहिलंय. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा होत होती तेव्हा त्याने आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेल्या एका भावालाही पाठवलं, कोणी आपल्यावर बोट ठेवू नये म्हणून, आणि म्हणतो की प्रभूपुढेच नाही तर माणसांपुढेही चोख असावं (२ करिंथ ८). पौलाला चालतं मग आपल्या पाळकांना का चालू नये?

पण एक सांभाळा. चोरी झालीये हे तुम्हाला माहीत नाही, हिशोब दिसत नाही एवढंच माहीत आहे, बोलताना तेवढंच बोला. १ तीमथ्य ५ मध्ये वडिलांवरचा आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय घेऊ नका असंही आहे. एकट्याने सगळं उभं केलेल्या माणसाला साधा प्रश्नही अविश्वास वाटतो, आणि खरं सांगायचं तर त्याची दमछाक कोणी विचारलेली नसते, मोशेला पण सासऱ्याने सांगावं लागलं की एकटा करशील तर थकून जाशील.

म्हणून आधी एकटे भेटा, मग मत्तय १८ प्रमाणे एक-दोघांना घेऊन, मग लेखी. मागायचं काय तर खातं मंडळीच्या नावावर, सही करणारे दोघे आणि नात्यातले नसलेले, अर्पण मोजायला दर वेळी दोन जण, आणि वर्षातून एकदा ऑडिट झालेला हिशोब सगळ्या सभासदांपुढे. कॅथलिकांकडे १९८३ च्या कॅनन लॉ मध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, प्रत्येक पॅरिशला (स्थानिक चर्चला) आर्थिक बाबींची समिती सक्तीची आहे, त्यामुळे हे काही तुमचं खूळ नाही.

मंडळी सोडायची का, हे वरचं सगळं करून बघितल्यावर ठरवा. मी एकदा काही न विचारता गुपचूप सोडली होती आणि नव्या चर्चमध्ये वर्षभर मागच्या बाकावर बसून कुढत होते.

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा, बायबल क्लासमध्ये फार शंका काढतो. मंडळीच्या एका वडिलांनी त्याला सांगितलं विश्वास नसेल तर येऊ नको. काय करू?

उत्तर : योहान २० वाचायला द्या, मुलाला नाही, त्या वडिलांना. येशूच्या हातात खिळ्यांचे व्रण बघितल्याशिवाय तो पुन्हा उठला हे मानणार नाही असं त्याचा शिष्य थोमा म्हणाला आणि आठ दिवसांनी तो त्याच घरात बाकीच्यांबरोबर होता, त्याला कोणी दार दाखवलं नव्हतं. मुलाचे प्रश्न मला पाठवा, मागे एका मुलीने ईयोबाच्या मेलेल्या मुलांबद्दल विचारलेलं, की नंतर दुसरी मुलं झाली म्हणून आधीची भरून निघाली का, त्यावर मी अजून अडकलेय.