यादव, जाधव आणि जनेऊ

विचारणा अशी आहे : देवगिरीचे यादव, आपल्याकडचे जाधव आणि बिहार-उत्तर प्रदेशातले यादव, हा शब्द एकच का? आणि मग माणसंही एकाच कुळातली का?

शब्द एकच. पांडूचा पांडव, कुरूचा कौरव, तसा यदूचा यादव. आरंभीचा 'य' प्राकृतात 'ज' होतो : यात्रेची जत्रा झाली, यंत्राचं जातं, यवाचा जव. तसाच यादवाचा जादव. गुजरातेत तो जादवच राहिला, आपल्याकडे 'द'ला हकार चिकटला. पोथीत मात्र 'य' टिकला. ज्ञानेश्वरांनी रामदेवरायाला 'यदुवंशविलास' म्हटलंय. सिंदखेडचे जाधवराव, म्हणजे जिजाबाईंचं माहेर, आपलं मूळ देवगिरीलाच सांगतात. पण जाधव मराठ्यांत आहेत, बौद्धांत आहेत, बंजाऱ्यांतही आहेत. आडनावावरून कूळ ताडायला जाल तर फसाल.

उत्तरेत हा शब्द झिजत आलेला नाही, ठरवून घेतलेला आहे. गुरं राखणाऱ्या, दूधदुभतं विकणाऱ्या, शेती कसणाऱ्या या जातींची नावं अहीर, ग्वाला, गोप अशी निरनिराळी होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्या सभा भरू लागल्या. आपण श्रीकृष्णाच्या वंशातले क्षत्रिय, तेव्हा सगळ्यांनी 'यादव' लिहायचं, असं ठरलं. १९२०च्या दशकात अखिल भारतीय यादव महासभाही उभी राहिली. बिहारमध्ये नुसतं नाव बदलून भागलं नाही. तिथल्या ग्वाल्यांनी जानवं घातलं, जमीनदाराची बेगार नाकारली. ते वरच्यांना खुपलं आणि १९२५ साली मुंगेर जिल्ह्यात लाखोचकला मोठी दंगल झाली.

गंमत अशी, की नावात जुना 'य' आणला, पण गळ्यात घातलं त्याला म्हणायचे जनेऊ. यज्ञोपवीतातल्या 'य'चा 'ज' होऊनच तो शब्द झालाय!

अहीर म्हणजे मूळचा आभीर. नाशिकच्या पांडवलेण्यात आभीर राजा ईश्वरसेनाचा शिलालेख आहे, आणि खानदेशातली अहिराणी तर रोज कानावर पडते. आपल्याकडे अहिर सोनार आणि अहिर शिंपीही आहेत. त्यांचा धंदा पाहून कुणाला गुरं आठवणार नाहीत.

जाता जाता : 'पक्षात यादवी माजली' असं हिंदीभाषक मित्रासमोर बोलताना जपा. प्रभासक्षेत्री यादव आपापसात लढून संपले, ते मराठीने नेमकं लक्षात ठेवलं. हिंदीत त्याला गृहयुद्ध म्हणतात. तो बिचारा विचारेल, कुठले यादव?