हटके कल्पना सांगते, पण आधी आमच्या नाटकाचा हिशेब ऐका

प्रश्न असा आहे : ‘आमची सामाजिक संस्था नवी आहे. वर्गणी म्हटलं की लोक तोंड फिरवतात. निधी उभारायच्या काही हटके कल्पना सुचवा.’

‘हटके’ हा शब्द वाचला आणि राहवलं नाही. या एका शब्दापायी आमच्या संस्थेतल्या अकरा माणसांचे साडेतीन महिने गेलेत.

बीड जिल्ह्यातल्या एका छोट्या संस्थेची मी नऊ वर्षं खजिनदार होते. दिवसा पतसंस्थेत नोकरी, संध्याकाळी संस्थेची पावतीपुस्तकं. काम हंगामी वसतिगृहाचं. आईबाप ऊसतोडीला गेले की पोरांनी त्यांच्यामागं फडावर जाऊ नये, शाळा बुडू नये, म्हणून ती सहा महिने आमच्याकडे. त्या वर्षी पोरं ६२ होती.

आमचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. सगळे त्यांना सर म्हणायचे, मीही. सरांचं एक वाक्य ठरलेलं : ‘मोठं मागा, मोठं मिळतं.’ २०१० च्या पावसाळ्यात त्यांनी बैठकीत जाहीर केलं की वर्गणी बास, आता काहीतरी हटके. म्हणजे काय, तर पुण्या-मुंबईकडचं नाटक आणायचं आणि सोबत स्मरणिका काढायची. (यात हटके काय ते मला आजही कळलेलं नाही. तालुक्यातली प्रत्येक संस्था तेच करत होती.) मी विरोध केला, तर सरांनी सामाजिक कृतज्ञता निधीचं उदाहरण दिलं. श्रीराम लागू, निळू फुले अशा मोठ्या मंडळींनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून कार्यकर्त्यांच्या मानधनासाठी निधी उभा केला होता. मी म्हटलं, ‘सर, ते कलाकार स्वतः त्या निधीचे कर्ते होते. आपण प्रयोगाचे पैसे मोजून पाहुणे आणतोय.’ बैठकीत सगळे गप्प. ठराव मंजूर.

आता हिशेब. नाटकाचं कॉन्ट्रॅक्ट ९० हजार. नाट्यगृहाचं भाडं १२ हजार. स्मरणिकेची छपाई ३८ हजार. फ्लेक्स, गाड्या, नाटकवाल्यांचं जेवण मिळून ९,७००. जमा बाजूला तिकिटांचे ७१,४०० आणि जाहिरातींचे ८३,५००. खर्च वजा जाता उरले ५,२००.

जाहिराती कबूल झाल्या होत्या १ लाख ४२ हजारांच्या. मागचं कव्हर, आतलं कव्हर, पान, अर्धं पान, पाव पान असे दर लावले होते. लोक ‘छापा हो, पैसे कुठं जातात’ म्हणायचे. पैसे कुठंच गेले नाहीत, त्यांच्याच गल्ल्यात राहिले. एका मशिनरीवाल्यानं पूर्ण पान घेतलं. छपाईत त्याच्या मोबाईल नंबरातला एक आकडा चुकला, तर त्यानं पैसे तर दिले नाहीतच, वर मला विचारलं, ‘चुकीच्या नंबरावर जे गिऱ्हाईक गेलं त्याची भरपाई कोण देणार?’ दुसऱ्यानं जाहिरातीच्या पैशावर ८०जीची, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळवून देणारी, पावती मागितली. अहो, जाहिरात ही देणगी नसते, तिला कसली ८०जी!

प्रयोगाच्या दिवशी पुढच्या दोन रांगा मानाच्या पासांना. ती मंडळी पहिला अंक निम्मा झाल्यावर सहकुटुंब आली आणि मध्यंतरात सत्कार घेऊन गेली. सत्काराला चाळीस मिनिटं लागली. नाटकाचे व्यवस्थापक विंगेत उभे राहून मला मनगटावरचं घड्याळ दाखवत होते, जणू शाली मीच वाटत होते. उरलेल्या स्मरणिका, पहिल्या पानावर सरांचा फोटो असलेल्या, दीड वर्षानं रद्दीत घातल्या. त्याचीही पावती फाडली मी.

मग फेब्रुवारीत, ज्वारीच्या सुगीत, आम्ही तीन बायकांनी सरांना न विचारता एक केलं. सहा गावं वाटून घेतली आणि खळ्यावर जाऊन पैसे न मागता ज्वारी मागितली. यात माझी अक्कल काही नाही. मुष्टिफंड आपल्याकडे जुना आहे, कर्मवीर भाऊरावांची वसतिगृहं असल्या मूठमूठ धान्यावर चालली. पायलीचं माप गावोगाव वेगळं, म्हणून सोबत तराजू ठेवला आणि किलोत लिहून घेतलं. ११ क्विंटल ४० किलो भरली. ६२ पोरांच्या दोन महिन्यांच्या भाकरी.

एका म्हातारीनं आठ किलो घातली आणि पावती मागितली. मी सवयीनं तिच्या नवऱ्याचं नाव विचारलं. म्हणाली, ‘त्याचं नाव कशाला? ज्वारी मी दिली, माझ्या नावानं फाड.’ फाडली. पुढच्या डिसेंबरात ती बाजाराच्या दिवशी वसतिगृहात आली, कोठीत हात घालून ज्वारीला कीड लागलीय का पाहिलं आणि आमच्या स्वयंपाकीणबाईला कडुनिंबाचा पाला कमी घातला म्हणून बोल लावले. मानाच्या पासावाला एकही माणूस वसतिगृहाची पायरी चढला नव्हता.

यावर सर म्हणाले, ‘धान्यानं संस्था मोठी होत नाही.’ हेच सर दर भाषणात पैसा फंडाची गोष्ट सांगायचे : अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागून निधी जमवला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचकारखाना उभा राहिला. टाळ्या त्या गोष्टीवर घ्यायच्या आणि बैठकीत ठराव नाटकाचा करायचा!

तुमच्या प्रश्नाकडे येते. लोक वर्गणीला तोंड फिरवतात, कारण ती कशात गेली ते त्यांना कधी दिसत नाही. तेव्हा ज्या वस्तूची तुम्हाला रोज गरज आहे तीच मागा, ती ज्यांच्याकडे ज्या महिन्यात असते त्यांच्याकडे त्याच महिन्यात मागा. शहरात असाल तर रद्दी मागा, महिन्याचा ठरलेला रविवार ठेवा आणि तो चुकवू नका. वाढदिवसाला एका दिवसाचं जेवण ही कल्पना जुनी आहे, पण चालते. स्मरणिका काढू नका. काढायचीच तर आधी पैसे, मग पान. लकी ड्रॉची कुपनं तर अजिबात नकोत, सोडतीच्या कायद्यात अडकाल. सीएसआरचा, म्हणजे कंपन्या सामाजिक कामासाठी देतात त्या पैशाचा, नाद सध्या सोडा, तिथं बाहेरच्या संस्थेला निदान तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं. आणि दोन हजारांवरची देणगी रोखीत घेऊ नका, देणाऱ्याची ८०जीची सवलत जाते आणि तो पुढच्या वर्षी फोन उचलत नाही.

आता दोन गोष्टी माझ्याविरुद्धच्या, सांगायलाच हव्यात. वस्तूरूपानं दिलेल्या दानाला ८०जी लागू होत नाही, म्हणून पगारदार माणसं धान्य द्यायला फारशी पुढं येत नाहीत. आणि २०१३ च्या दुष्काळात आमची ज्वारी जेमतेम दीड क्विंटल जमली. त्याच वर्षी पोरं मात्र ८० च्या वर गेली होती, कारण गावात कुणाच्याच हाताला काम नव्हतं. ते वर्ष निभावलं एका डॉक्टरांच्या चेकवर. हे डॉक्टर आम्हाला कुठं भेटले होते? त्याच नाटकाला. तिकीट काढून आले होते, मागच्या रांगेत बसले होते. सरांनी हे मला बैठकीत तीनदा ऐकवलं. मी तीनदा ऐकून घेतलं. पण त्यासाठी दीड लाखाचा घाट घालायची गरज नव्हती, डॉक्टरांचा दवाखाना वसतिगृहापासून चार गल्ल्यांवर होता. कुणीतरी चालत जायचं होतं.

सर, हे वाचत असाल तर : जाहिरातींचे ५८,५०० ऑडिटरनं बुडीत खात्यात टाकलेत. त्यातलं मशिनरीवाल्याचं पान तुम्ही आणलेलं होतं.

आणि प्रश्नकर्ते, तुमची संस्था नेमकं काय काम करते ते तुम्ही लिहिलंच नाहीत. ते लिहा, म्हणजे काय मागायचं आणि कुणाकडे, ते सांगता येईल.