पहिल्या बोटीनं जा, उन्हाआधी परत या

मुलांना घेऊन समुद्रपर्यटनाला निघालेल्या इंदूरच्या वाचकांचे चार प्रश्न या अंकात घेतले आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण बाकीच्यांचं निम्मं काम तिथेच होतं.

प्रश्न : डिसेंबरच्या शेवटी आम्ही मुंबईहून सुटणाऱ्या जहाजानं लक्षद्वीपला जातो आहोत. अगत्ती बेटावर एक दिवस थांबा आहे; कागदावर ‘सकाळी ८ ते दुपारी ४’ असं लिहिलंय. मुलगा ३ वर्षांचा, वजन १३ किलो. समुद्र त्यानं पाहिलेला नाही. सासूबाई म्हणतात, त्याला घेऊन जहाजावरच बसा. यजमान म्हणतात, एवढे पैसे भरलेत तर दिवसभर किनाऱ्यावरच राहू. कोणाचं ऐकू?
— एक आई, राजेंद्र नगर

उत्तर : अर्धं-अर्धं दोघांचंही. मुलाला किनाऱ्यावर जरूर न्या, पण दिवसभर नको.

आधी वेळेचा हिशोब. ८ ते ४ हे जहाजाचे तास आहेत, तुमचे नव्हेत. बेटाभोवती प्रवाळाचा कडा आहे, त्यामुळे मोठं जहाज बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि माणसं छोट्या बोटींतून ने-आण करतात. बोटीसाठी नंबर घ्यावे लागतात. निवांत नाश्ता करून रांगेत उभं राहणाऱ्यांना वाळूवर पाय ठेवेपर्यंत साडेदहा-अकरा सहज वाजतात. परतीची शेवटची बोटही चारच्या बरीच आधी सुटते, आणि तिला सगळ्यात जास्त गर्दी असते. म्हणून आदल्या रात्रीच नंबर कुठे आणि किती वाजता मिळतात ते विचारून ठेवा, पहिल्या किंवा दुसऱ्या बोटीनं जा आणि साडेअकरा-बाराला परत निघा. तीन-साडेतीन तास मिळतील. तीन वर्षांच्या मुलाला तेवढे पुष्कळ होतात; त्यानंतर तो रडतो, आणि आपण म्हणतो की त्याला समुद्र आवडला नाही.

सकाळच्या आग्रहाचं खरं कारण सावली. अगत्ती ही साडेसात किलोमीटर लांबीची चिंचोळी पट्टी आहे, रुंदी जास्तीत जास्त किलोमीटरभर. लगून, म्हणजे बेट आणि प्रवाळाचा कडा यांच्यामधलं उथळ, शांत पाणी, तिच्या पश्चिमेला आहे. सूर्य पूर्वेकडे असेपर्यंत माडांच्या लांब सावल्या त्या किनाऱ्याच्या वाळूवर पडतात. दुपारनंतर त्याच सावल्या मागे, बेटाच्या आत सरकतात आणि वाळू उघडी पडते. बेट देशाच्या बरंच पश्चिमेला असल्यानं सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, साडेबारा-पाऊणला. म्हणजे घड्याळावरून वाटतं त्यापेक्षा ऊन उशिरापर्यंत चढत राहतं. डिसेंबरअखेर इंदुरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४४ अंश वर असतो, अगत्तीला ५६. ‘थंडीतलं ऊन आहे’ हा मालव्याचा हिशोब तिथे चालत नाही.

सावलीत बसताना एक बघा : वर नारळ लटकलेले असतील त्या झाडाखाली चटई टाकू नका. सकाळची सावली लांब पडते, त्यामुळे बुंध्यापासून पुरेसं दूर राहूनही ती मिळते.

उन्हाचा बंदोबस्त कपड्यांनी करा, क्रीमनं नव्हे. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट, गुडघ्यापर्यंतची चड्डी आणि मानेवर झालर येणारी टोपी. टोपीला हनुवटीखाली बांधायची नाडी हवीच, नाहीतर पहिल्याच वाऱ्यात ती लगूनमध्ये जाते. उरला चेहरा, कान, मान, हात आणि पावलं. तेवढ्याला झिंक ऑक्साइडचं, एसपीएफ ५० चं सनस्क्रीन चहाचा एक चमचाभर लागतं. लोक थेंबभर लावतात आणि मग म्हणतात, उपयोग झाला नाही. बोटीत चढायच्या वीस मिनिटं आधी लावा. दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर अंग पुसून पुन्हा. पांढरी प्रवाळाची वाळू अतिनील किरण खालून वर फेकते, म्हणून सावलीत बसलेल्या मुलालाही लावायचं.

आता बोट. दिवसातला सगळ्यात नाजूक क्षण म्हणजे जहाजातून बोटीत टाकायचं पाऊल. बोट खालीवर होत असते. ती पायरीशी समपातळीत येते त्या क्षणी खलाशी ‘आता’ म्हणतो, तेव्हाच पाय टाकायचा. मूल खलाशाच्या हातात द्यायचं, आपण कडेवर घेऊन उडी मारायची नाही. दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणजे सामान पाठीवर आणि फोन खिशात. बाबागाडी जहाजावरच ठेवा. बोटीत तिची अडचण होते आणि वाळूत तिची चाकं रुततात.

लाइफ जॅकेट मुलाच्या मापाचंच मागून घ्या. वजनाची मर्यादा आतल्या बाजूला छापलेली असते. घालून पट्टे आवळले की खांद्यांना धरून जॅकेट वर उचला : ते हनुवटी-कानांपर्यंत सरकलं तर मोठं आहे, पाण्यात मूल त्यातून खाली निसटेल. दोन पायांमधून जाणारा पट्टा असेल तर उत्तम. जमलं तर त्याआधी एका रविवारी महेश्वरच्या घाटावर नावेत फिरवून आणा. नर्मदेत समुद्राचा हेलकावा नसतो, पण जॅकेट घालून शांत बसायची सवय तिथे होते. जॅकेटवरून रडारड व्हायचीच असेल तर ती तिथे होऊन जाऊ दे.

पाण्यात उतरताना फुगवायची ट्यूब आणि दंडावरचे फुगे विसरा. ती खेळणी आहेत. चिमूटभर कोरडी वाळू वरून सोडून बघा. ती पाण्याकडे उडाली तर वारा किनाऱ्यावरून समुद्राकडे वाहतोय, आणि ट्यूबमधलं मूल तुम्ही चपला काढेपर्यंत हाताबाहेर जातं. लगूनचं पाणी इतकं नितळ असतं की कमरेएवढी खोली गुडघ्याएवढी वाटते. एका वेळी एकच मोठा माणूस ‘ड्यूटीवर’, मुलापासून हातभर अंतरावर, फोन दुसऱ्याकडे. अर्ध्या तासानं पाळी बदलताना तोंडानं सांगायचं : ‘आता तुझ्याकडे.’ दोघंही शेजारी असताना दोघांचंही लक्ष नसणं, हाच सगळ्यात मोठा धोका. बुडणारं मूल ओरडत नाही, हात हलवत नाही. आवाज न करता खाली जातं.

पायांत रबरी तळव्याचे, टाच झाकणारे बूट. भरती-ओहोटीतला फरक तिथे मुंबईसारखा चार-पाच मीटर नाही, जेमतेम मीटरभर आहे, पण लगून मुळातच उथळ असल्यानं ओहोटीला प्रवाळ पायाखाली येतात. खरचटलं तर बाटलीतल्या पिण्याच्या पाण्यानं भरपूर धुवा, आत बसलेले कण चिमट्यानं काढा, मग जंतुनाशक लावा. प्रवाळाची जखम दिसते छोटी आणि चिघळते पटकन. लाली पसरू लागली तर जहाजावरच्या डॉक्टरला दाखवा. जेलीफिशची आग झाली तर खाऱ्याच पाण्यानं धुवा, चोळू नका. गोड्या पाण्यानं त्वचेवर उरलेल्या डंखपेशी फुटतात आणि आग वाढते.

पिशवीत दोन लिटर पिण्याचं पाणी जहाजावरूनच घ्या, शिवाय अंग धुवायला एक जुनी बाटली भरून. बेटावर गोडं पाणी मोलाचं आहे : अगत्तीला समुद्राच्या पाण्यापासून गोडं पाणी करण्याचा प्रकल्प २०११ मध्ये सुरू झाला. तिथल्या नळाखाली मूल आणि खेळणी धूत बसू नये. मुलाला दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-तीन घोट द्या, मागायची वाट बघू नका. ओआरएसची पुडी नेताना तिच्यावर काय लिहिलंय ते वाचा. आपल्याकडे २०० मिलिलिटरची छोटी आणि एक लिटरची मोठी अशा दोन्ही मिळतात; मोठी पुडी पेलाभर पाण्यात कालवली तर मिठाचं प्रमाण पाचपट होतं, आणि ते मुलाला अपायकारक आहे. मूल चिडचिड करता करता अचानक गप्प झालं, किंवा सहा तासांत लघवी झाली नाही, तर खेळ तिथेच थांबवा.

खायला केळं, कोरडी पोळी, खाकरा. शेव नको, इंदूरकरांना हे ऐकणं जड जाईल, पण त्यानं तहान वाढते. जहाजावरचं शिजवलेलं अन्न बेटावर नेऊ देतातच असं नाही, आधी विचारा.

निघण्यापूर्वी मांड्यांच्या सांध्यात खोबरेल तेल चोपडा, नाहीतर मीठ आणि वाळू घासून संध्याकाळपर्यंत कातडी लाल होते. अंगाला चिकटलेली वाळू टॉवेलनं खरवडू नका; अंग सुकू द्या, मूठभर कॉर्नफ्लोअर चोळा, वाळू आपोआप गळते.

आणि हे मुलाला आधीच सांगून ठेवा : समुद्राला उसळी असेल तर कप्तान बोटी सोडत नाही आणि थांबा रद्द होतो. तेव्हा वाद घालून उपयोग नसतो. जहाजावरच्या दिवसासाठी रंगखडू वेगळे काढून ठेवा.

प्रश्न : नातवासाठी तिथून दोन-चार शंख आणि प्रवाळाचा एखादा तुकडा आणावा म्हणतो. किनाऱ्यावर पडलेलेच घेणार, तोडणार नाही. मुलगा उगाच नको म्हणतो.
— एक आजोबा, लोकमान्य नगर

उत्तर : मुलाचं ऐका, आजोबा. प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. तो मेलेला, वाळूत पडलेला तुकडा असला तरी सोबत आणता येत नाही, आणि ‘पडलेलाच होता’ हे सांगून सुटका होत नाही. काही शंखांनाही तेच संरक्षण आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तिथल्या पाण्यात कोन जातीच्या गोगलगायी असतात. आइस्क्रीमच्या कोनासारखा शंकू, वर सुंदर नक्षी. मूल नेमका तोच उचलणार. आत जिवंत प्राणी असेल तर तो भाल्यासारखा विषारी दात मारतो, आणि काही जातींच्या विषानं माणूस दगावू शकतो. नातवाला शंख हातात न घेता फक्त दाखवायला शिकवा, त्याचा फोटो तुम्ही काढा. जहाजावर परतताना त्याचे खिसेही तपासा. मुलांच्या खिशात काहीही निघतं.

प्रश्न : मोठी मुलगी ६ वर्षांची आहे, मानपूरच्या घाटातसुद्धा तिला गाडी लागते. धाकटा १४ महिन्यांचा. जहाज लागू नये म्हणून दोघांना आधीच औषध देऊन ठेवावं का?
— एक वडील, सुदामा नगर

उत्तर : धाकट्याला नाही. दोन वर्षांखालच्या मुलांना जहाज सहसा लागत नाही, आणि उलटीसाठी सर्रास वापरलं जाणारं प्रोमेथाझिन त्या वयात देऊच नये. श्वास मंदावू शकतो. त्रास होतो तो दोन ते बारा वर्षांच्या मुलांना, म्हणजे तुमच्या मुलीला. तिच्या वजनाप्रमाणे मात्रा इंदुरातल्या तुमच्याच डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि एकदा घरी सुट्टीच्या दिवशी देऊन बघा. काही मुलं या औषधानं पेंगतात, काही उलट सैरभैर होऊन रात्रभर जागतात. ते खोल समुद्रात कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं. औषध त्रास सुरू होण्याआधी द्यायचं असतं. उलट्या लागल्यावर गोळी पोटात टिकत नाही.

खोली जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्या. टोकाच्या आणि वरच्या खोल्या जास्त हलतात. पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. मोबाइल बंद, नजर क्षितिजावर. आल्याची वडी चघळायला द्यायला हरकत नाही.

धाकट्याच्या लंगोटाचं म्हणाल तर नेहमीचा डायपर समुद्रात फुगून जड होतो. पोहण्याचा वेगळा मिळतो तो घ्या. तो लघवी धरत नाही, फक्त शी अडवतो. जहाजावरच्या तलावात डायपरमधल्या बाळांना बहुधा उतरू देत नाहीत.

प्रश्न : जहाज संध्याकाळी सुटतं. अवंतिका एक्सप्रेसनं त्याच दिवशी सकाळी मुंबईला पोचलो तर चालेल ना? लहान मुलीची कोणती कागदपत्रं लागतील?
— एक वाचक, वैशाली नगर

उत्तर : गाडी वेळेवर आली तर चालेल. पण जहाजाची नोंदणी सुटण्याच्या काही तास आधीच बंद होते, आणि जहाज कोणासाठी थांबत नाही. मूल सोबत असताना एक दिवस आधी जा. मुलीचं आधार (पाच वर्षांखालच्यांचं निळं कार्ड) आणि जन्मदाखला, दोन्ही मूळ प्रती घ्या. तिकिटावरचं नाव अक्षर न् अक्षर तेच हवं. लक्षद्वीपला बाहेरच्या माणसाला प्रवेश परवाना लागतो. जहाज कंपन्या तो बहुधा स्वतः काढतात, तरी त्यात मुलीचं नाव आहे का, हे पैसे भरतानाच विचारून लेखी घ्या.