आरटीओच्या खिडकीवर : वाचकांचे प्रश्न

आठ महिन्यांपूर्वी माझी स्कूटर ओळखीतल्या एकाला विकली. पैसे मिळाले, फॉर्मवर सह्या करून दिल्या. पण गाडी अजून माझ्याच नावावर आहे आणि त्याची ई-चलने माझ्या मोबाईलवर येतात. काय करू?
– एक वाचक, सातारा

सह्या केलेले कोरे फॉर्म घेणाऱ्याच्या हवाली करून तुम्ही मोकळे झालात, चूक तिथेच झाली. एकाच राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत फॉर्म २९ भरून आरटीओला कळवायचे असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. म्हणजे कळवण्याची जबाबदारी तुमचीही होती.

चलन ही त्यातली किरकोळ बाब. उद्या त्या स्कूटरने कोणाला उडवले, तर भरपाईच्या दाव्यात नाव तुमचे येईल. गाडी विकत विकत पुढच्या हातांत गेली होती, तरी नोंदीवर ज्याचे नाव तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशाच एका प्रकरणात म्हटले आहे. त्यामुळे ‘डिलिव्हरी नोट (गाडी ताब्यात दिल्याचा सही केलेला कागद) आहे ना’ या भरवशावर राहू नका.

घेणाऱ्याला गाठा आणि अर्ज समोर बसवून भरा. परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवरचा ओटीपी आरसीला (नोंदणी प्रमाणपत्राला) जोडलेल्या मोबाईलवर येतो, म्हणजे तुमच्याकडेच. नंबर बदललेला असेल तर आधी तो अपडेट करून घ्या. त्यासाठी चासी क्रमांक, इंजिन क्रमांक आणि नोंदणीची तारीख लागते. कागद असे : फॉर्म २९ दोन प्रतींत, फॉर्म ३०, मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, दोघांचे ओळखपत्र आणि घेणाऱ्याचा पत्त्याचा पुरावा. दुचाकीची ट्रान्सफर फी १५० रुपये, मोटारीची ३००; स्मार्ट कार्डाचे २०० वेगळे.

अर्ज परत येतात ते बहुतेक तीन कारणांनी. पहिले, जुनी चलने थकलेली असतात. ती कोणी भरायची हा तुमचा आपसातला हिशेब. भरल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. दुसरे, कर्ज फिटलेले असते पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच असतो. तो उतरवायला बँकेचे एनओसी (ना हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ लागतो. हे एनओसी कपाटात ठेवून द्यायचे नसते, कारण त्यावर बहुधा मुदत छापलेली असते. तिसरे, चासी प्रिंट, म्हणजे चासी क्रमांकाचा कागदावर घेतलेला ठसा, पुसट आलेला असतो. क्रमांकावरचा चिखल आणि ऑइल फडक्याने कोरडे पुसा, वर पातळ कागद घट्ट धरा आणि मऊ शिसपेन्सिल आडवी घासा. मोटारसायकलला हा क्रमांक हँडलखालच्या नळीवर ठोकलेला असतो. स्कूटरला जागा मॉडेलप्रमाणे बदलते, ती गाडीच्या पुस्तिकेत पाहा. शिवाय जुन्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) पाटी नसेल तर ती आधी बसवा, नाहीतर तिथेही अडते.

घेणारा टाळाटाळ करत असेल तर फॉर्म २९, डिलिव्हरी नोटेची प्रत आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत घेऊन स्वतः आरटीओत जा, अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. एक प्रत त्यालाही रजिस्टर पोस्टाने पाठवा. यापुढे कधी गाडी विकलीत तर डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळही लिहा. दुपारी चारला गाडी दिली आणि सहाला सिग्नल तोडला, तर वाद नेमका त्या दोन तासांवर होतो.

वडील वारले, मोटारसायकल त्यांच्या नावावर आहे. ती मी चालवू शकतो का?
– एक वाचक, कोल्हापूर

मृत्यूनंतर तीन महिन्यांपर्यंत, तेही ३० दिवसांच्या आत आरटीओला तसे कळवले असेल तर. ट्रान्सफरचा अर्ज याच तीन महिन्यांत करायचा. इथे फॉर्म २९-३० चालत नाहीत, फॉर्म ३१ लागतो. सोबत मृत्यू दाखला, मूळ आरसी, विमा, पीयूसी आणि बाकीच्या वारसांची नोटरी केलेली संमती. आई किंवा विवाहित बहिणीची सही राहून जाते आणि अर्ज तेवढ्यासाठी परत येतो. विमा कंपनीला वेगळे कळवा. वडिलांचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) मुलाला मिळू शकतो, पण तो मागावा लागतो. आपणहून कोणी देत नाही.

लायसन्सची मुदत संपून दीड वर्ष झाले. वय ५१. नुसते रिन्यू होईल का?
– एक वाचक, नाशिक

नाही. मुदत संपल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला असता तर चाचणी टळली असती. आता ड्रायव्हिंग टेस्ट द्यावी लागेल. पूर्वीची ३० दिवसांची सवलत २०१९ च्या दुरुस्तीत गेली, त्यामुळे मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तुम्ही विनापरवाना आहात. वय चाळीसच्या पुढे असल्याने फॉर्म १-अ, म्हणजे डॉक्टरांचा दाखला लागेल. तुमच्या वयाला नवे लायसन्स साठाव्या वर्षापर्यंत मिळेल, त्यापुढे पाच-पाच वर्षांचे. मुदतीच्या एक वर्ष आधीही रिन्यू करता येते, तेव्हा पुढच्या वेळी तारीख डोक्यात ठेवा.

मुलगी दुचाकीच्या टेस्टमध्ये दोनदा नापास झाली. आता?
– एक वाचक, पिंपरी

आणखी एक संधी आहे. तिसऱ्यांदाही नापास झाली तर ६० दिवस थांबावे लागेल, आणि लर्निंग लायसन्स सहा महिनेच चालते. तारखा जुळवून स्लॉट घ्या. टेस्टच्या आठच्या आकड्यासारख्या ट्रॅकवर मुले पडत नाहीत, पाय टेकवतात आणि नापास होतात. वेग फार कमी ठेवला की तोल जातो. क्लच अर्धवट धरून, मागचा ब्रेक हलका दाबत, नजर पुढच्या चाकाऐवजी वळणाच्या शेवटाकडे ठेवायला शिकवा. टेस्टला नेलेल्या गाडीचा विमा आणि पीयूसी चालू असला पाहिजे, नाहीतर ट्रॅकवर जाण्याआधीच परत पाठवतात. आणि स्कूटरवर टेस्ट दिली तर लायसन्स बिनगिअरचेच मिळते. बाईक चालवायची असेल तर टेस्टही गिअरच्या गाडीवरच द्या.